माझा खलनायक आज शेजारच्या सीटवर बसला

मंडळी, घरी येऊन तास झाला तरी डोक्यातून एकच गोष्ट जात नाही.

तुम्हाला माहीतच आहे, मी एका अ‍ॅपवर अंतराळातल्या युद्धाची कथा लिहिते. तिच्यातला खलनायक, उपसेनापती तमसेन, चुकलेल्या सैनिकांना अंधाऱ्या कोठडीत कोंडतो. तो मी आमच्या शाळेतल्या एका सरांवरून घेतलाय. पाढे चुकले की ते आम्हा पोरींना सामानाच्या खोलीत कोंडायचे.

आज दुपारी लातूरहून निलंग्याला येताना एसटीत तेच सर शेजारी येऊन बसले. पार म्हातारे झालेत, तरी मी लगेच ओळखलं.

"नातीच्या मोबाईलवर तुझी गोष्ट वाचतो मी," ते म्हणाले. "तमसेन म्हणजे मीच हाय ना?"

"न्हाई सर," मी खोटंच बोलले.

"मग त्याला नुसता उपसेनापती का ठेवलास? सगळे भितात तर त्यालाच."

मग त्यांनी आवाज एकदम खाली आणला. "लहानपणी बाप तमसेनला धान्याच्या बळदात कोंडायचा, हे तुला कोणी सांगितलं?"

"कुणीच न्हाई सर. मी मनानंच लिहिलं."

ते माझ्याकडे बघतच राहिले. डोळे भरून आले होते. औसा आलं, तसे उतरून गेले.

उद्याच्या भागात तमसेन मरणार आहे. लिहून तयार आहे, पण टाकायची हिंमत होत नाही, कारण सर तो वाचणार. तुम्ही काय केलं असतं?