सरकीचं पुढं काय झालं

निरोप एस.टी.च्या कंडक्टरनं आणला. नेरला माझी शाळा बस थांबते तिथून हाकेच्या अंतरावर आहे. घाटंजीच्या गाडीवाल्यानं यवतमाळच्या गाडीवाल्याला सांगायचं आणि त्यानं येऊन मला, असं आमच्या घरचं टपाल. कधी लोणच्याची बरणी येते, कधी नुसती खबर. त्या दिवशी दुसरीच्या मुलांचे पाढे चालले होते. कंडक्टर दारात उभा राहिला, टोपी काढली आणि म्हणाला, "बाई, तुमची गयाआत्या गेली. तुमच्या बाबानं सांगतलं, या म्हनून." मी "बरं" म्हणाले. मुलांकडून पाढा पुरा म्हणून घेतला, मुख्याध्यापकांना सांगितलं आणि दोन गाड्या बदलून गावी पोचले, तर माती होऊन गेली होती. लोक हातपाय धुऊन ओसरीवर बसले होते. मला रडू आलं नाही. भयंकर थकवा आला, इतका की मी चपला न काढताच भिंतीला टेकले. आता काही आठवडे झाले, पण तो थकवा काही गेलेला नाही.

गयाआत्या ही बाबांची चुलतबहीण. गावातच दिलेली, आमच्यापासून दुसऱ्या घरात एकटी राहायची. नवरा लग्नानंतर दोनेक वर्षांत वारला, मूल नव्हतं. घाटंजीच्या आसपासच्या शेतांत निंदण, वेचणी, जे मिळेल ते काम करायची. चाळिशीतच गेली, पोटाच्या दुखण्यानं. तिच्याबद्दल वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहावं असं तिनं काय केलं होतं, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे एकच उत्तर आहे. तिनं एक पोरगी घडवली होती. ती पोरगी कधी जन्मली नव्हती, हा भाग वेगळा.

नागपूरला धम्मदीक्षा झाली, त्या वर्षीची गोष्ट. मी आठ-नऊ वर्षांची असेन. आमच्या वस्तीनं देव्हाऱ्यातले टाक वाघाडी नदीत सोडले आणि महिन्याभरात कापूस फुटला. पहिल्या वेचणीला आमच्याकडे सीतादही करतात. मालकीण दहीभात घेऊन शेतात येते, पहिल्या झाडाशी ठेवते, वेचणाऱ्यांपैकी वडीलधारी बाई पूजा करते, सीतामाईची गाणी होतात आणि मग कापसाला हात लागतो. दरवर्षी तो मान गयाआत्याच्या सासूचा असायचा, ती गेल्यावर त्या घरचा म्हणून आत्याचा. त्या वर्षी मालकीणबाईंनी सवयीनं भांडं आत्यापुढं ठेवलं. आत्या हात बांधून उभी. "बाई, आमी ते सोडलं. पूजा तुमी करा." मालकीणबाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "मंग दही?" आत्या म्हणाली, "दही कायले सोडू? दही खातो ना." बाया पदराआड हसल्या. शेवटी मालकीणबाईंनीच कशीबशी पूजा उरकली, दहीभात सगळ्यांनी खाल्ला आणि वेचणी सुरू झाली.

पण शेत गप्प. वेचणाऱ्या बाईला तोंड बंद ठेवून काम करण्याची सवय नसते. जुनी गाणी सगळी देवाची, ती आता म्हणायची नव्हती, आणि नवी कुणाला येत नव्हती. नुसती बोंडांतून कापूस निघाल्याची चरचर. अर्धं शेत असंच गेलं. मग मधल्या पातीवरून, वेचणाऱ्यांच्या मधल्या ओळीतून, आत्याचा आवाज आला, "एक होती सरकी. काळी, टनक, अन् नाकात शेंबूड."

इथून ती गोष्ट जी सुरू झाली ती दर वेचणीला पुढं सरकत राहिली, संपली कधीच नाही. सरकीची आई मेलेली, बाप कापसाच्या जिनात कामाला जाऊन परत न आलेला, आणि पदरात एक लहान आजारी भाऊ. एवढंच भांडवल. आत्याला सगळ्यांनी मधली पात देऊन टाकली, म्हणजे दोन्हीकडच्या बायांना ऐकू जावं. बोलता बोलता तिचा हात मागं पडायचा आणि मजुरी तर वजनावर. म्हणून शेजारून जाणारी प्रत्येक बाई आपल्यातला मूठभर कापूस काढून तिच्या ओटीत टाकायची. कुणी ठरवलं नव्हतं. संध्याकाळी मापाला तिचं गाठोडं कुणापेक्षा हलकं भरलेलं मला आठवत नाही.

आमच्या टोळीत जवळच्या तांड्यावरची सोनीबाई होती. अंगावर आरशांची चोळी, आवाज दणदणीत. सरकी अडचणीत सापडली की तिचा जीव खालीवर व्हायचा. एकदा सरकी आणि तिचा भाऊ जंगलात अडकले, तेव्हा ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आता देव येऊ दे गया. लई झालं." आत्या म्हणाली, "देव नाई येनार. तो आपन वाघाडीत सोडून आलो." सोनीबाई भडकली. "तुमी सोडला असन. म्या नाई सोडला. माह्या देवाले येऊ दे." सगळं शेत हसलं, आत्यासुद्धा. पण देव काही आला नाही. "तिचं तिलेच करा लागन," आत्या म्हणाली आणि सरकीनं रात्र झाडावर काढली.

आता मी मुलांना पाठ्यपुस्तकातल्या गोष्टी शिकवते. त्यांतली मुलं प्रामाणिक असतात, म्हणून त्यांना बक्षीस मिळतं. मला जांभया येतात. सरकी तशी नव्हती. घरात एकच भाकर उरली तेव्हा तिनं अर्धी भावाला दिली आणि अर्धी स्वतः खाल्ली. बायांना ते पटलं नाही, बहीण म्हणजे तिनं सगळी द्यायला पाहिजे. आत्या म्हणाली, "अन् मंग उद्या पानी कोन आनन? भाऊ?" लाकडाची मोळी आणताना जंगलखात्याच्या शिपायाशी सरकी धडधडीत खोटं बोलली. "खोटं बोलली?" मी विचारलं. "बोलली. अन् मंग दोन रोज कोनाच्या डोळ्याले डोळा देल्ला नाई तिनं." प्रत्येक वेचणीत सरकी थोडी कठीण होत गेली आणि थोडी शहाणी. त्यातलं शहाणपण पाहून मी एकदा आत्याला विचारलं, ही तूच ना? ती चिडलीच. "मी कायले असन? मी एवढी शायनी असतो तं इथं कापूस येचत असतो का?"

मी सातवीला होते तेव्हा असं ठरवायची वेळ माझ्यावर आली. गुरुजींनी यवतमाळच्या मुलींच्या वसतिगृहात माझ्यासाठी शब्द टाकला होता. होळीच्या आत नाव कळवायचं होतं. पण माय दम्यानं अंथरुणाला खिळलेली. धाकटी कमळ पाच वर्षांची. चूल, पाणी, मायचं औषधपाणी सगळं माझ्यावर. बाबा ओसरीवर चिलीम ओढत म्हणाले, "शांते, मी जाय म्हनत नाई अन् राहा बी म्हनत नाई." माझे बाबा भले माणूस आहेत, पण त्या दिवशी त्यांनी मला मारलं असतं तरी मला इतकं एकटं वाटलं नसतं.

नेमकी शेवटची वेचणी चालू होती आणि आत्यानं सरकीला नदीकाठी आणून उभं केलं. नदीला पूर. पलीकडं मामाची बैलगाडी उभी, तो तिला शिकायला न्यायला आलेला. अलीकडं तापानं फणफणलेला भाऊ. एकटी पोहून जाता येईल, पण भावाला घेऊन नाही. आणि मामा थांबायला तयार नाही. इथवर आणून आत्यानं गोष्ट बंद केली. आज घसा बसला, उद्या डोकं दुखतं. बाया माझ्याकडं बघायच्या आणि मान खाली घालून वेचायच्या. कुणाला कळत नव्हतं असं नाही.

मी सुट्टीच्या दिवशी वेचायला जायची ती कान लावून. सरकी जे करील ते मी करणार, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. शेवटी न राहवून विहिरीवर आत्याला गाठलं. "आत्या, सरकी गेली का थांबली?"

"मले काय मालूम."

"तुले नाई तं कोनाले मालूम?"

तिनं दोर सोडला, बादली खाली जाऊ दिली. "हे पाह्य पोरी. थांबली तं ती एक सरकी होईन. गेली तं दुसरी होईन. मले दोन्ही दिसते. दोन्ही पोरी माह्याच हायेत. एक चांगली अन् एक वाईट, असं नाई." मग ती दोर ओढायला लागली. बादली वर आली तेव्हा म्हणाली, "पन तू माह्या तोंडाकडं पाहू नको. मी सांगतलं तं ती तुही सरकी नाई राहनार, माही होईन..."

मी दुसऱ्या दिवशी गुरुजींना हो म्हणून सांगितलं. तसं करताना मला धैर्य वगैरे काही वाटलं नाही. शाळेमागं जाऊन मी ओकले.

पहिल्या दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तर माय उठून बसलेली, कमळच्या केसांना तेल, चूल सारवलेली. गयाआत्या पहाटे आमच्याकडे यायची, भाकरी थापायची आणि मगच कामावर जायची. मी धावत वेचणीला गेले. सरकीचं काय झालं ते ऐकायचं होतं. तर सरकी थांबलेली! मामाची गाडी निघून गेलेली आणि सरकी नदीच्या अलीकडंच. मला असं वाटलं की मला सगळ्या शेतासमोर कुणी चापट मारली. दुपारच्या भाकरीला मी आत्याला म्हणाले, "तू तं दोन्ही म्हनलं होतं."

"हो ना," आत्या म्हणाली, "तू गेली. मंग कोनी थांबनारी नको का?"

मी तेव्हा रुसले. चौदाव्या वर्षी माणसाला स्वतःपलीकडं फारसं दिसत नाही. पुढं ट्रेनिंग झालं, नोकरी लागली. मी सुट्टीला यायची, आत्या भाकरी थापताना दिसायची, आणि मला ते हळूहळू उन्हासारखं, वाऱ्यासारखं वाटायला लागलं. असतंच ते.

माती झाल्यानंतरच्या दिवसांत एकदा सोनीबाई भेटायला आली. ओसरीवर बसून पान जुळवताना सहज बोलून गेली, "मारेगावचा तो मानूस आलता ना, पाट लावाले. चांगला होता बाप्पा, जमीनबी होती. गयाले पसंत होता. पन तू गेलती त्या सालची गोष्ट. म्हने, या घरची चूल कोन पेटवन? मी म्हनलं, तू येडी हायेस, बह्याड हायेस. हासली." मग माझ्याकडं पाहून थबकली. "तुले मालूम नोतं?"

मला माहीत नव्हतं. पहिल्यांदा राग आला, तो कबूल करते. तिनं मला विचारायला हवं होतं, असं वाटत राहिलं. तेरा वर्षांच्या पोरीला काय विचारणार, हे कळत असूनही. ती मला म्हणाली होती, माझ्या तोंडाकडं पाहू नको. आता कळतं, कशासाठी. पाहिलं असतं तर तिचं मारेगावचं लग्न दिसलं असतं आणि मग मी गेले नसते. तिला तिची निवड मला दाखवायची नव्हती. राग गेला, मागं नुसती तिची आठवण राहिली. ती रागापेक्षा जड आहे.

नेरला परतायच्या आदल्या दिवशी मी शेतावर गेले. कमळ सकाळपासून वेचायला गेली होती. ती आता बारा-तेरा वर्षांची, सातवीला आहे. तिच्याही गुरुजींनी निरोप धाडला आहे, आणि बाबा तिलाही तेच म्हणाले आहेत, जाय नाई अन् राहा नाई. मायचा दमा आहे तसाच आहे, आणि आता भाकरी थापायला आत्या नाही. कमळनं मला यातलं काही विचारलं नव्हतं. ती तशी घुमीच आहे. मधली पात मोकळी असेल अशा समजुतीनं मी धुऱ्याच्या बांधावरून उतरले, तर तिथून आवाज येत होता.

"आता पूर वसरला," कमळ सांगत होती. "सरकी उठली. तिनं भावाले पाठीवर घेतलं, पदरानं बांधलं, अन् पान्यात पाय टाकला."

"बाप्पा, पानी तं असनच ना अजून," सोनीबाई म्हणाली. "आता तरी देव येऊ दे."

"नाई येनार, मावशी."

"मंग पाय घसरला तं?"

कमळनं मान वर केली. मी आल्याचं तिनं पाहिलं. उत्तर तिनं सोनीबाईला दिलं, पण बघत होती माझ्याकडं.

"पलीकडं बहीन उभी हाये ना तिची. ती हात देईन."

"सरकीले बहीन कवा होती वं?"

"होती. ती आधीच गेलती."

बाया वेचत राहिल्या. नेरला माझी एकच खोली आहे, त्यात मायची खाट कुठं टाकायची, बाबा येतील का, शाळेत कमळचं नाव कधी घालता येईल, हे सगळं माझ्या डोक्यात एकदमच सुरू झालं. तोपर्यंत मी शेजारच्या पातीला लागले होते. बोंडं भरगच्च फुटली होती. मूठ भरली तशी मी वाकले आणि ती कमळच्या ओटीत टाकली.