भुऱ्याचा दात

तुमच्या कुत्र्याच्या तोंडात तुम्ही शेवटचं कधी बघितलं?

मी भुऱ्याच्या तोंडात बघितलं होतं. गोष्ट एवढीच — आणि ती मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही.

भुऱ्या आमच्या शेजारच्या आप्पांचा. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती. आता कुरकुंभच्या रस्त्याला थोडा ऊस, दोन शेळ्या आणि हा कुत्रा. ढाब्यामागं टाकलेली हाडं फोडायची त्याला भारी हौस. डोळ्याखाली सूज आली तेव्हा आप्पांनी मला हाक मारली, कारण मी प्राण्यांवर लिहिणारी. यवतच्या डॉक्टरांकडे मीच दोघांना घेऊन गेले. डॉक्टरांनी भुऱ्याचा ओठ वर उचलून मला दाखवलं — वरची मोठी दाढ मधोमध चिरलेली, मुळाशी पू. गोळ्या दिल्या. पुढच्या आठवड्यात आणा, भूल देऊन दाढ काढू, म्हणाले. आणते, म्हणाले मी.

नेलं नाही. शिरूरला माझं पत्रक छापायला टाकलं होतं, रेबीजवरचं. मी पत्रकांतच वाढले — वडील चळवळीतले, घरात खेळण्यांपेक्षा गठ्ठे जास्त. गावोगाव पत्रक पोचवायचं सोडून एका दाढेसाठी थांबायचं? असं मी तेव्हा स्वतःला विचारलं. विचारायला लाजही वाटली नाही.

गोळ्या संपल्या. भुऱ्यानं खाणं टाकलं. लाळेची तार लोंबायची, पंजानं थोबाड घासत बसायचा. कुणा पोरीनं लाडानं गालाला हात लावला तर तिच्यावर दात विचकले. चावला नाही — पण गावाला तेवढं पुरलं. माणसं आप्पांच्या अंगणात जमली. कंपनीतून शिफ्ट करून आलेल्या एकाच्या हातात माझं पत्रक होतं. त्यानं ते मोठ्यानं वाचलं. लाळ गळते, खाणं सुटतं, अंगावर येतं. माझीच वाक्यं. इतकी ठाम, इतकी सोपी. दुखऱ्या दातानंही लाळ गळते हे मी त्यात कुठंच लिहिलं नव्हतं. आणि पिसाळल्याचा संशय आला तर डॉक्टरांना बोलवा, ही ओळ? जागा पुरेना म्हणून मीच काढली होती.

आप्पा भुऱ्यापुढं उभे राहिले. सगळ्यांना सोडून माझ्याकडं बघितलं.

"पोरी, तू बघितलंय न्हवं त्याचं तोंड? सांग की ह्यास्नी."

तो पत्रकवाला हसला. "सांगा की ताई. का तुमचंच छापलेलं खोटं हाय?"

डॉक्टरांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. फोन माझ्या हातात होता. मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "खात्रीनं सांगता येत नाही, आप्पा."

खोटं होतं ते. भीतीपोटी बोलले असं म्हणायलाही मला जागा नाही — मला कुणी धमकावलं नव्हतं. माझं पत्रक चुकलं, हे चारचौघांत म्हणायचं जिवावर आलं, बस. दोघांनी आप्पांना बाजूला धरून ठेवलं. मी पाठ फिरवली. काठ्यांचा आवाज मात्र सगळा ऐकला.

आप्पांनी त्याला बांधाला पुरलं. मी गेले तेव्हा हातातली माती झाडत होते. स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले — "दुखत व्हतं त्याला. दुसरं काय न्हाई."

एवढ्यावर थांबले का मी? नाही. पुढच्या पत्रकात मी लिहिलं की जागरूकतेमुळं एक गाव मोठ्या संकटातून वाचलं. आप्पांना वाचता येत नाही. त्यांनी ते हातात घेतलं, काय लिवलंय म्हणून विचारलं, आणि मी वाचून दाखवलं — ती ओळ गाळून.

आजही ते मला पोरीच म्हणतात. त्यांनी पुन्हा कुत्रा पाळला नाही. हे छापून येण्याआधी मी त्यांच्यासमोर बसून वाचणार आहे, या वेळी एकही ओळ न गाळता. त्यांनी काय म्हणावं, हे मी ठरवणार नाही.

तुमच्याकडून मला माफी नको. आज घरी गेलात की तुमचं शांत बसलेलं कुत्रं, मांजर जवळ घ्या आणि त्याचा ओठ हळूच वर उचला. आत काही चिरलेलं, सुजलेलं, कुजलेलं दिसलं तर डॉक्टरांकडे न्या. पुढच्या आठवड्यात नको.