बटणाएवढा पूल

माणसाची खरी लायकी त्याच्या बोधचिन्हावरून कळते, या एकाच सिद्धान्तावर आपले निवृत्त आयुष्य उभे करणारा माणूस अख्ख्या अर्धापुरात एकच आहे, आणि तो माझ्या वडिलांचा मावसभाऊ आहे. लष्कराच्या अभियंता पलटणीतून सुभेदार म्हणून परतलेल्या या काकांची सर्वांत मोठी दौलत म्हणजे टोपीवरचा पितळी बिल्ला: लाटांवर पूल, मागे बुरूज, खाली फावडे. केळीच्या बागांवर श्रीमंत झालेल्या शेजाऱ्यांनी फाटकावर सिमेंटचे सिंह बसवले, तेव्हा काकांनी भर रस्त्यात विचारले, की सिंहाशी तुमचा संबंध काय. केळीचा घड बसवा, तो तुम्ही कमावला आहे. त्या घरातून तेव्हापासून लग्नपत्रिका येत नाही. बिल्ल्यातल्या पुलाचे खांब इतके चुकीचे आहेत, की त्यावरून बैलगाडीही जाणार नाही, हे काका स्वतःच सर्वांना सांगतात. मी तेच म्हटले, तेव्हा मात्र मला चहा विचारला गेला नाही.

गेल्या वर्षी पलटणीने नवे चिन्ह करायचे ठरवले आणि जुन्या जवानांकडून आराखडे मागवले. फावडे जाऊन तिथे दातेरी चाक येणार, अशी कुणकुण लागताच काकांची झोप उडाली. पलटणीने आपला घामच पुसून टाकला, असे ते म्हणू लागले. मला संगणकावर रेखाटन येते, म्हणून मी नोकरी करते त्या नांदेडच्या प्रयोगशाळेतून त्यांनी मला बोलावून घेतले. चिन्ह गणवेशाच्या बटणांवरही येणार होते, म्हणून मी त्यांचा आराखडा बटणाच्या आकारात छापून दाखवला: पूल, बुरूज, लाटा आणि फावडे मिळून एक डाग झाला होता. एकच वस्तू ठेवा, असे मी सुचवले.

"पूलच ठिवा," काकू आतून म्हणाल्या. "जल्मभर दुसरं काय ऐकलंय आमी?"

काकांनी बुरूज खोडला, लाटा खोडल्या, आणि शेवटी पूलही खोडला.

"पूल झाला की आमी पुढं निघायचो, बाई. त्याच्यावरून कोण गेलं, कधी बगितलंच न्हाई. फावडं तेवढं संगं यायचं," ते मला म्हणाले.

फावडे मंजूर झाले. काकांनी गावभर पेढे वाटले. घेणाऱ्याला आधी चिन्हाचा अर्थ ऐकावा लागे, पेढा नंतर मिळे. संध्याकाळी मात्र ते नवे बटण उजेडात धरून बसले होते.

"झालंय झकास," ते म्हणाले. "पर पूलच दिसला न्हाई, तर नव्या पोरांला कळंल का, खंदायचं कशासाठी?"

आकाराच्या मर्यादेचा मुद्दा माझ्याकडे तयार होता. तो बाजूला ठेवून मी त्यांचा जुना बिल्ला आणून त्या बटणाशेजारी ठेवला.