स्फटिकातलं पाणी

आमच्या सरांचा एक नियम होता: स्फटिक तयार झाला की कागदावर टिपायचा आणि थेट डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या काचेच्या भांड्यात, ठेवून द्यायचा. ओला नमुना म्हणजे अस्वच्छ नमुना. आमच्या कॉलेजात पीएचडी करणारे सगळे हे डोळे मिटून करायचे. मीही केलं, आणि काचेसारखे लख्ख खडे सकाळी खडूसारखे पांढरेफटक झालेले पाहिले. एकदा नाही, प्रत्येक वेळी.

सर म्हणाले, "पदार्थच अस्थिर आहे. सोड हा, दुसरा घे."

म्हणजे अर्धा प्रबंध केराच्या टोपलीत. जस्ताचं क्लोराइड आणि एक सेंद्रिय अमाइन यांचा तो क्षार मी जिवापाड जपून वाढवला होता. माझं डोकंच फिरलं.

"सर, पदार्थ चांगला आहे. आपणच त्याचं पाणी काढून घेतोय. तो वरचा ओलावा नाही, आतलं पाणी आहे. त्याच्या हायड्रोजन बंधांवरच सगळी रचना उभी आहे."

"सिद्ध कर."

करणारच होते. नवे स्फटिक वाढवले आणि त्यातला एक, साबुदाण्याएवढा, त्याच्याच द्रावणासकट बाटलीत बंद केला. स्फटिकातली अणूंची मांडणी दाखवणारं एक्स-रेचं यंत्र पुण्याला. वडील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात पहिल्या पाळीला जाता जाता मला नाशिकरोडच्या स्टँडवर सोडून गेले. बसमध्ये बाटली मुठीत धरून बसलेली पाहून शेजारच्या मावशींनी विचारलं, "औषद हाय का?"

"नाही मावशी, एक प्रकारचं मीठ आहे."

"मंग पुण्यात मीठ भेटत नाय का गं?"

मी हसले, पण मूठ काही सैल केली नाही.

तिथे स्फटिक तेलाच्या थेंबात उचलून गार नायट्रोजनच्या झोतात ठेवला. संध्याकाळी रचना पडद्यावर आली. मधोमध पाण्याचा रेणू. अमाइनचा एक हायड्रोजन त्याच्याकडे वळलेला, आणि त्याचे स्वतःचे दोन हायड्रोजन जस्ताभोवतीच्या क्लोरीनकडे. तोच काढून घेतला तर थर एकमेकांना धरणार कशाने? मला इतका आनंद झाला की खाली एक अक्षर न लिहिता चित्र तसंच सरांना पाठवलं.

पुढे पेपर लिहायला बसलो, तेव्हा प्रयोगाच्या भागात मी अदबीने 'नमुना वाळवला नाही' एवढंच लिहिलं होतं. सरांनी ते खोडलं, आणि मोठ्याने म्हणत स्वतः लिहिलं, "हे स्फटिक वाळवू नयेत. आम्ही वाळवले, आणि ते मोडले."