गाळलेली चाळीस पानं

दिवसभर तलासरीच्या शाळेत इंग्रजी शिकवायचं, शेअर जीपनं चारोटीला यायचं, तिथून दुसरी जीप पकडून आशागडवरून डहाणू. घरात पाऊल टाकते न टाकते तोच बाबांचा प्रश्न, "काय गो, ड्रॅगन मेला काय?" गेला अख्खा हिवाळा माझा असा गेला. अंगात त्राण म्हणून उरत नसे. खोटं कशाला बोलू, बाबांचाही वैताग आला होता मला.

बाबा मासेमारीच्या बोटीवर तांडेल, म्हणजे कप्तान. उभा जन्म बोट चालवली आणि म्हातारपणी साखरेनं डोळे नेले. टीव्ही नुसता ऐकून त्यांचा संताप व्हायचा, म्हणून मी शाळेच्या कपाटातली एक जाडजूड इंग्रजी कादंबरी घरी आणली. जुनी, गाजलेली, उत्तरेकडच्या बर्फाळ देशांतल्या दंतकथांवर रचलेली. शापित सोनं, ते राखणारा ड्रॅगन, बुटके लोहार, एका डोळ्याचा म्हातारा वाटसरू आणि त्या सोन्यासाठी निघालेलं एक जहाज. मी पान वाचायचे आणि आपल्या भाषेत सांगायचे. बाबांना जादूचं काडीचं कौतुक नव्हतं. जहाजावर पिण्याचं पाणी किती घेतलं, ते विचारायचे. मेलेल्या राजाला बोटीत झोपवून लोकांनी बोटच पेटवली, तेव्हा तर मीच काडी लावल्यासारखे माझ्यावर भडकले. "बोट जाळतात? अक्कल आहे काय मेल्यांना!"

सातशे पानं हो! स्वयंपाक करायचा, पेपर तपासायचे आणि वर हे. शेवटी मी चोरी सुरू केली. जहाज बर्फात अडकतं तिथली चाळीस पानं मी सरळ गाळली आणि एका वाक्यात ते किनाऱ्याला लावलं. "उतरले बाबा सगळे, आणि निघाले डोंगराकडे."

"किती उतरले?"

मी पुढच्या पानावर नजर टाकली. "अकरा."

"चढले होते चौदा. तिघं कुठं गेले?"

"येत असतील मागून."

"समुद्रातून मागून कोण येतं गो?" ते ओरडलेच. "बोट लागली की तांडेल आधी माणसं मोजतो, मग मासळीला हात लावतो. तुझ्या पुस्तकातल्या तांडेलानं मोजली नाहीत काय?"

मी पकडली गेले होते. रागारागानं मागे गेले आणि ती चाळीस पानं वाचून काढली. तीन संध्याकाळी लागल्या. तिघं बर्फाच्या पाण्यात गेले होते, एकेक करून, बाकीच्यांच्या डोळ्यांदेखत. शेवटी बाबांनी एवढंच विचारलं, "मग तो तांडेल त्यांच्या घरी गेला काय, सांगायला?"

मी शेवटपर्यंत पानं चाळली. जहाजाचा तो नायक ड्रॅगन मारतो, गादीवर बसतो, त्याच्यावर गाणी रचतात. त्या तिघांच्या घरी तो कुठेच जात नाही. "नाही गेला, बाबा."

"मीपण नाही गेलो," बाबा म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं, ते आईलाही कधी सांगितलं नव्हतं. भात झोडून झाला की डोंगराकडचे शेतकरी खलाशी म्हणून आमच्याकडच्या बोटींवर येतात. तसा एक जण बाबांच्या बोटीवर होता, तरणाताठा. मी तेव्हा कॉलेजात होते. जाळं सोडताना त्याचा पाय दोरात अडकला आणि जाळ्याबरोबर तोही खाली गेला. बाबांनी पाहिलं. दोन दिवस शोधलं, काही हाती लागलं नाही. माणसं आणून देणाऱ्या मुकादमाला बाबांनी एवढंच कळवलं, की पाण्यात पडला, सापडत नाही. पाहिलं, हे म्हणाले नाहीत. त्याच्या बायकोसमोर उभं राहायची छाती झाली नाही.

"मला ने तिथं," बाबा म्हणाले.

त्याच्या गावाच्या फाट्यावरून माझी जीप रोज जाते. तरी पहिल्या रविवारी पेपर निघाले, दुसऱ्या रविवारी मी नुसती झोपले आणि तिसऱ्या रविवारी डोकं दुखतंय म्हणाले. खरं तर दुखत नव्हतं. बाबांनी आग्रह केला नाही, पण जेवण अर्धं टाकायला लागले. ते बघून चौथ्या रविवारी रिक्षा बोलावली.

घर लगेच सापडलं. अंगणात एक बाई नाचणी पाखडत होती. मी बाबांचं नाव सांगितलं, बोटीचं सांगितलं. ती ताडकन उभी राहिली आणि सूप हातातच राहिलं. तिच्या कपाळावर भलंमोठं कुंकू होतं, हातात हिरव्या बांगड्या. बाबांना ते दिसणं शक्यच नव्हतं. मला दिसलं. त्यांचा हात धरून मागे फिरावं असं वाटलं, पण त्याआधीच ती बोलली.

"सुटला काय तो?"

"कुठून?" मी विचारलं.

"पाकिस्तानच्या जेलातून. सापडला नाय म्हणजे तिकडच्या बोटीनं पाण्यातून उचलून नेला, असं सगळे बोलले. पल्याडच्या पाड्यातला एक सुटून आलाच की. दाढी पिकली होती, पण आला."

चूक तिची नव्हती. आमच्या भागात समुद्रात पाकिस्ताननं धरलेले खलाशी कित्येक वर्षांनी परत येतात, मीही पाहिलेत. बाबा आवाजाच्या दिशेनं वळले.

"नाही गो बाय. जाळ्याबरोबर खाली गेला. माझ्या डोळ्यांसमोर. त्याच दिवशी."

तिनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुम्ही बघितलं?"

"बघितलं."

"मग इतकी वर्षं काय केलंत?"

मीसुद्धा तीन रविवार घरीच बसले होते.

बाईनं पदर तोंडाशी धरला आणि दाराकडे वळली. "जा आता तुम्ही," ती म्हणाली. "येईल म्हणून मी एक दिवस रडले नाय. आता रडू दे मला."