लायोश बाचींच्या चार बियर आणि एक विरजण

पन्नास वर्षं रोज विरजत आलेलं दही आज खाल्लं, तर ते पहिल्या दिवशीचंच विरजण म्हणायचं का? मला याचं उत्तर येत नाही. मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे, आमच्या घरातली पहिली पदवीधर आहे, आणि अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावाजवळच्या एका औषध कंपनीत दिवसभर यीस्ट वाढवण्याचंच काम करते. तरीही येत नाही. चार जुलैच्या लाँग वीकेंडला न्यू जर्सीला जाऊन आल्यापासून हा प्रश्न डोक्यात घोळतो आहे.

जायचं ठरलं ते लॅबमधल्या अ‍ॅग्नेसमुळे. ती इथेच जन्मलेली, पण आजी-आजोबा हंगेरीचे. आजोबा न्यू ब्रन्सविकला राहतात आणि घराच्या बेसमेंटमध्ये बियर करतात. दर उन्हाळ्यात एका शनिवारी शेजारीपाजारी बोलावून सगळे प्रकार ओळीनं चाखायला देतात. "तू यीस्टवर एवढं बोलतेस आणि बियर कधी चाखली नाहीस?" अ‍ॅग्नेस म्हणाली. "जा. त्यांना लायोश बाची म्हण. बाची म्हणजे अंकल, नावाच्या मागे लावायचं. आजीला इलोना नेनी."

म्हणजे आपले काका-काकूच! मला तिथेच निम्मं ओळखीचं वाटलं.

माझी रूममेट ऋचा पुण्याची, आयटीतली. तिची गाडी, तिचं ड्रायव्हिंग. खाणं आणि नकाशाच्या प्रिंट सांभाळणं माझ्याकडे. शुक्रवारी पहाटे निघालो. पीटर्सबर्गपर्यंत ८५ नंबरचा हायवे आणि पुढे सरळ ९५. रस्ता चुकायची सोय नाही, पण वॉशिंग्टनच्या आसपास सुट्टीची गर्दी इतकी की मेथीचे ठेपले तिथेच संपले. या मार्गानं जाणार असाल तर टोलसाठी सुटे पैसे हाताशी ठेवा, आणि टाकी न्यू जर्सीत शिरल्यावर भरा. पेट्रोल सगळीकडेच चार डॉलरच्या वर गेलंय, पण तिथे थोडं स्वस्त मिळतं आणि स्वतः भरायचं नसतं, माणूस येऊन भरून देतो. ऋचा म्हणाली, "यार, एकदम कोथरूडच्या पंपावर आल्यासारखं वाटतंय!"

संध्याकाळी आयसेलिनच्या ओक ट्री रोडवर पोटभर चाट खाल्लं, रात्री एडिसनला ऋचाच्या मावशीकडे मुक्काम केला. मावशींनी विचारलं, "उद्या कुठे?" मी म्हटलं, "ऑफिसातल्या मैत्रिणीच्या आजोबांकडे." ऋचानं माझ्याकडे पाहून एक भुवई उंचावली. खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

शनिवारी दुपारी न्यू ब्रन्सविक. छोटी लाकडी घरं, एका दारावर हंगेरियन पाटी, आणि परसात आंबट चेरीचं झाड. त्याखाली लांब टेबल, पंधराएक म्हातारी माणसं. लायोश बाची उंच, किंचित वाकलेले, पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बटणं लावून. इलोना नेनींनी आल्या आल्या हातात लांगोश दिला. तळलेली जाड पुरी समजा, वरून लसूण चोळलेली. मी शाकाहारी आहे म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे काळजीनं पाहिलं आणि दुसरा दिला.

पहिले ग्लास भरले गेले. ऋचानं उत्साहानं आपला उचलून शेजारच्या आजोबांच्या ग्लासाला टेकवला, "चिअर्स!" आणि टेबलावरचे बाकीचे ग्लास होते तिथेच राहिले.

"आम्ही बियरचे ग्लास वाजवत नाही," लायोश बाची म्हणाले. दीडशे वर्षांपूर्वी ऑस्ट्रियानं हंगेरीच्या सेनापतींना फाशी दिली, तेव्हा तिकडचे अधिकारी बियरचे ग्लास वाजवत होते म्हणे. तेव्हापासून हे व्रत.

"व्रत दीडशे वर्षांचं होतं. कधीच संपलं," इलोना नेनी आतून ओरडल्या. "पण याला कोण सांगणार?"

सगळे हसले. ऋचा लाल झाली होती, तीही हसली. मला मात्र हसता आलं नाही. मुदत संपली तरी ही माणसं एक आवाज करायचा टाळत होती, तोही इतक्या दूरच्या देशात.

आता बियर. ज्यांनी कधी चाखली नाही त्यांच्यासाठी माझ्या शब्दांत लिहिते. जाणकारांनी हसून घ्यावं.

पहिली विलागोश, म्हणजे फिकी. रंग उन्हात धरलेल्या मधासारखा. तोंडात आधी ओल्या गव्हाचा गोडवा आणि मग मागून कडू, पण कारल्यासारखं नाही, लिंबाच्या सालीसारखं. दुसरी अर्धी तपकिरी. तिचा वास आला आणि मी थेट कऱ्हाडला पोहोचले. आमचे वडील गुऱ्हाळावर काम करतात; काहील उतरताना जो काकवीचा वास सुटतो, तोच! तिसरी गडद तपकिरी, बर्ना. चुलीवर थोडी जास्त भाजली गेलेली भाकरी, तिचा काळा पापुद्रा आणि वर गुळाचा खडा. चौथी याच झाडाच्या आंबट चेरीची. करवंदं खाल्ल्यावर जीभ होते तशी झाली. धान्य, पाणी, कडवटपणासाठी हॉप नावाची फुलं आणि यीस्ट, एवढ्यातून इतकं सगळं निघतं? लॅबमध्ये मी यीस्टला फक्त काम सांगत आले होते. ते असं काही बोलतं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

पण पहिल्या ग्लासापासून काहीतरी खटकत होतं. मागून एक वास येत होता, दवाखान्यातल्या नव्या बँडेजचा. फिकीत स्पष्ट, कारण तिच्यात लपायला जागाच नाही. बर्नाच्या भाजकेपणाखाली तो दबलेला, चेरीत जवळजवळ हरवलेला. आधी वाटलं, मला सवय नाही, असंच असेल. मग लायोश बाचींनी कौतुकानं चार वर्षांपूर्वीची बर्नाची एक बाटली उघडली. तिच्यात तो वास अजिबात नव्हता. स्वच्छ, गोल, शांत चव. मी दोन्ही ग्लास आळीपाळीनं हुंगत राहिले. हा वास मला कामावरून माहीत आहे. भांड्यात परकं, रानटी यीस्ट घुसलं की असा येतो.

टेबलावरचा प्रत्येकजण म्हणत होता, "लायोश, यंदा तर कमाल!"

चाखणं संपल्यावर ते आम्हाला बेसमेंटमध्ये घेऊन गेले. आमच्या लॅबपेक्षा स्वच्छ. फ्रिजमध्ये एक काचेची बरणी, तळाशी यीस्टचा सायीसारखा थर. "हे माझ्या आईचं. घरातली ठेव. कधी कुणाला दिली नाही," ते म्हणाले. वडील बुडापेस्टच्या बियरच्या कारखान्यात, ब्रुअरीत, कामाला होते. हे स्वतः सोव्हिएत सत्तेविरुद्धच्या छप्पन सालच्या उठावानंतर विशीत पळून आले, अंगावरच्या कोटानिशी. पुढे कधीतरी आईचं पार्सल आलं. त्यात उशीचा एक अभ्रा होता, त्याचा एक कोपरा खळ लावल्यासारखा कडक. चिठ्ठीत त्याबद्दल अक्षर नाही, कारण पत्रं फोडली जायची. पण यांना कळलं, ते वाळवलेलं यीस्ट होतं. कोपरा साखरेच्या कोमट पाण्यात भिजवला.

मी ऋचाचा दंड घट्ट धरला. कारण मी अमेरिकेला निघाले तेव्हा माझ्या आईनं रुमालाचा कोपरा दह्यात बुडवून, सावलीत वाळवून, माझ्या कपड्यांच्या घडीत ठेवला होता. कॅरीत आमच्याकडे आजही त्याचंच दही लागतं.

वर स्वयंपाकघरात भांडी पुसायला मी इलोना नेनींशेजारी उभी राहिले. त्या हळूच म्हणाल्या, "तू दोन ग्लास हुंगत होतीस. मी पाहिलं."

मी हातातली बशी पुसत राहिले.

"गेल्या वर्षापासून तसं झालंय. त्याचं नाक आता चालत नाही, त्याला येत नाही तो वास. आम्हा सगळ्यांना येतो."

"मग कुणी सांगत का नाही?"

"सांगितलं तर तो बरणी ओतून देईल. आणि मग हिवाळाभर काय करेल?"

आम्ही त्यांच्याकडेच राहिलो. प्यायल्यावर गाडी चालवायची नाही हे आधीच ठरलं होतं. वरच्या खोलीत गेल्यावर ऋचा म्हणाली, "हे बघ, आपण गेस्ट आहोत. त्यांचे मित्र वर्षभर गप्प आहेत, तू एका दिवसात काय क्रांती करणार?"

"पण परकं यीस्ट वाढतच राहणार. दर खेपेला मूळचं कमी होणार. आणखी वर्षभर सगळे छान छान म्हणाले तर वाचवायला काही उरणारच नाही."

"आणि ते चिडले तर?"

"तर चिडतील."

"सकाळी नाश्ता झाल्यावर सांग मग," ती कूस बदलत म्हणाली. "इलोना नेनी पॅनकेक करणार आहेत, ते मला हवेत."

सकाळी नाश्त्यानंतर मी सांगितलं. जितकं नीट सांगता येईल तितकं: वास कसला, कशामुळे येतो, जुन्या बाटलीत का नाही. लायोश बाचींनी इलोना नेनींकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. तेवढ्यानं त्यांना सगळं कळलं.

"सगळ्यांना माहीत होतं?"

ते उठले, खाली गेले, बरणी घेऊन वर आले आणि मोरीच्या नळाशी उभे राहिले. मी म्हटलं, "बाची, थांबा. तुमच्या आईचं यीस्ट त्यात अजून आहे. गर्दीत हरवलंय, इतकंच. मी शोधू शकते."

"कसं?"

"पातळ करून पसरायचं. एकेक पेशी वेगळी पडते, तिचा एकेक ठिपका वाढतो. बरे ठिपके निवडायचे."

त्यांनी बरणी ओट्यावर ठेवली. मग त्यांनी बरणीतलं थोडं एका छोट्या बाटलीत ओतलं. "एक अट. सापडलं नाही तर दुकानातलं दुसरं पाठवून मला फसवायचं नाही. एक वर्ष फसवून घेतलं, पुरे झालं."

परतीला पुन्हा ओक ट्री रोडवर थांबलो. लोक तिथून साड्या आणि मिठाई घेतात. मी ठिपके वाढवायला चायना ग्रासची, म्हणजे अगरची, पाकिटं घेतली. बाटली बर्फाच्या पेटीत, शेजारी ऋचाचं श्रीखंड. डेलावेअर आल्यावर ती म्हणाली, "मला वाटलं ते ओतणार. आय वॉज सो स्केअर्ड. पण बरं केलंस."

पुढचे दोन आठवडे आमचं स्वयंपाकघर लॅब झालं. कंपनीच्या लॅबमध्ये बाहेरचं काही न्यायचं नाही हा नियम आहे आणि तो मला मान्य आहे. म्हणून चायना ग्रास आणि बाचींनी दिलेली माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याची, पूड शिजवून काचेच्या बशांमध्ये ओतली, सगळं प्रेशर कुकरमध्ये शिट्ट्या काढून निर्जंतुक केलं. आमची शेगडी विजेच्या कॉइलची, तिला ज्योत नाही. सुई लायटरवर लाल केली, निवू दिली आणि बाटलीतलं पातळ करून तिनं पसरलं. ठिपके उगवले. काही कडेला खरबरीत, काही गोल, साईच्या रंगाचे. गोल ठिपके एकेक करून माल्टच्या पाण्यात वाढवले, रोज हुंगले. तीन ठिपक्यांना बँडेजचा वास नव्हता. ताज्या पावाचा होता.

पण हे तिन्ही आईचंच यीस्ट का? की त्यातलं एखादं? पन्नास वर्षांत तेही बदललंच असणार. मला सांगता येत नाही.

त्या रविवारी घरी फोन केला. म्हटलं, लायोश बाचींना जे खरं ते सांगता आलं, तर आईलाही यायला हवं.

"आई, मी बियर चाखली."

"किती?"

"चार प्रकार. थोडी थोडी."

"परत पिणार?"

"चव बघायला, हो."

"बाबांना मी सांगते. तू नको, तुला नीट सांगता येत नाही."

मग मी सगळी गोष्ट सांगितली, अभ्र्याची आणि बरणीची. आई म्हणाली, "अगं पण शेजारी नव्हतं का दिलं त्यांनी कुणाला? विरजण एका घरात ठेवतात होय? आपलं नासलं तर वाटी घेऊन जायचं कुणाकडं?"

इतक्या स्वच्छ बेसमेंटमध्ये, इतक्या मायेनं जपलेली ती एकच बरणी. घरातली ठेव म्हणून त्यांनी ती कधी कुणाला दिलीच नव्हती.

लगेच बाचींना फोन केला. तीन निघालीत, कुठलं तुमचं ते मला माहीत नाही, असं स्पष्ट सांगितलं. आणि विचारलं, "हे आणखी एकदोन घरांत ठेवलं तर चालेल? माझी आई म्हणते, एका घरात ठेवू नये."

मग त्यांनी विचारलं, "तुझी आई ब्रुअर आहे का?"

"नाही. दही लावते."

"मग तिचं ऐक," ते म्हणाले. मागून इलोना नेनी काहीतरी बोलल्या आणि दोघं हसले.

तिन्हींच्या नळ्या भरल्या. एक संच अ‍ॅग्नेसच्या हातात दिला. एक आमच्या फ्रिजमध्ये, दह्याच्या भांड्यामागे आहे. आणि बाचींसाठी दोन संच, एक त्यांचा आणि एक शेजारी द्यायचा, रुमालात गुंडाळून मी सोमवारी पोस्टात टाकून आले.