आधी वर, मग पलीकडे

दिघीच्या तरीवरचे मामा वल्हे मारतामारता बोलत, म्हणून त्यांचे एक वाक्य तीन वल्ह्यांत पुरे होई. आगरदांडा किती लांब, असे कोणी विचारले तर म्हणत, "पान्याला... इचारून... सांगतो."

एकदा पलीकडे आगरदांड्याला माझी बहीण बाळंतपणात अडली होती. मूल पायाळू होते. मी आणि माझे दीर सुईणबाईंना घेऊन तरीवर आलो. ओहोटी जोरात समुद्राकडे ओढत होती. शेजारची होडी सरळ आगरदांड्याच्या रोखाने सुटली. मामा मात्र काठाकाठाने खाडीत वर निघाले.

दीर संतापले. "गाव समोर हाय, आणि तुम्ही उलटे कुठं?"

"ती होडी... पळते... माझ्यापरास," मामा हसले. "आपल्याला... पोचायचं... हाय."

बरेच वर जाऊन त्यांनी होडी वळवली. ओहोटीने आम्हांला तिरके नेत नेमके धक्क्याला लावले. ती वेगवान होडी खाली खाडीच्या तोंडाशी वाहून गेली होती. सुईणबाई वेळेत पोचल्या, भाची सुखरूप झाली.

घरी दीर म्हणाले, "ती होडी काय धावली!"

मी पुरुषांत कधी बोलत नाही. त्या दिवशी दाराआडून म्हटले, "धावली पुष्कळ. पलीकडे मामांनी नेलं."

हे मामांच्या कानी गेले असावे. पुढच्या खेपेला ओहोटीतच पलीकडे जाताना त्यांनी होडीतल्या सगळ्यांदेखत मला विचारले, "बाय... आता... वळू?"

मी पाणी पाहिले. म्हटले, "अजून थोडं वर."

ते वर गेले.